किल्ली उपग्रहालाही ठाऊक असते: विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

उपग्रहाद्वारे होणाऱ्या क्वांटम संदेशवहनाची, म्हणजे संदेश कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली (बिटांची मालिका) प्रकाशकणांच्या मदतीने दोन ठिकाणी तयार करण्याची, चर्चा निघाली की पाठोपाठ ‘अभेद्य’ हे विशेषण हमखास येते. या संशोधनावर सरकारने खर्च करावा, याच मताचा मी आहे. परंतु निविदा निघण्यापूर्वी या विशेषणाची शहानिशा व्हावी, यासाठी हे पत्र.

उपग्रहाची गरज खरी आहे. उत्तम ऑप्टिकल फायबरमध्येही 100 किलोमीटरनंतर शंभरातला जेमतेम एक फोटॉन (प्रकाशकण) उरतो, आणि अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नसल्याने वाटेत संकेत वाढवणारे नेहमीचे प्रवर्धक बसवून भागत नाही. (चोरून ऐकणाऱ्याचीही हीच अडचण होते, हे ओघाने आलेच.) उपग्रहावरून येणाऱ्या फोटॉनला दाट हवा लागते ती शेवटच्या सुमारे दहा किलोमीटरांत, त्याआधीचा प्रवास जवळपास निर्वात पोकळीतला असतो.

मात्र 2016 साली सोडलेल्या चीनच्या ‘मिशियस’ उपग्रहाने 2017 मध्ये बीजिंग आणि व्हिएन्ना यांच्यातील गाजलेल्या व्हिडिओ संभाषणासाठी किल्ल्या कशा पुरवल्या, ते बारकाईने पाहावे. उपग्रहाने चीनमधील केंद्रावरून जाताना एक आणि ऑस्ट्रियातील केंद्रावरून जाताना दुसरी किल्ली तयार केली, आणि मग दोन्हींची बेरीज उघडपणे प्रसारित केली, जेणेकरून एका केंद्राला दुसऱ्याची किल्ली काढता यावी. म्हणजे दोन्ही किल्ल्या उपग्रहाच्या स्मृतीत होत्या. तज्ज्ञ याला ‘ट्रस्टेड नोड’ म्हणतात. साध्या भाषेत, उपग्रह ज्याच्या ताब्यात, किल्ल्याही त्याच्याच ताब्यात.

यावर उपाय आहे. उपग्रहाने गुंतलेल्या (म्हणजे ज्यांच्या मोजमापांचे निकाल एकमेकांशी जुळतात अशा) फोटॉनांची जोडी एकाच वेळी दोन केंद्रांकडे धाडली, तर किल्ली त्याला स्वतःलाही कळत नाही. याच उपग्रहाने 1120 किलोमीटर अंतरावरील दोन केंद्रांदरम्यान ते साधल्याचे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु किल्लीचा दर सेकंदाला 0.12 बिट इतकाच होता. या दराने 256 बिटची एक किल्ली तयार व्हायला पस्तीस मिनिटे लागतात, आणि खालच्या कक्षेतला उपग्रह एका फेरीत काही मिनिटेच दिसतो. ढग आणि दिवसाचा उजेड यांचा अडथळा आहे तो वेगळाच.

म्हणून निविदेत उपग्रह ट्रस्टेड नोड आहे की नाही हे स्पष्ट लिहावे, आणि असल्यास त्याचे नियंत्रण व किल्ल्या पुसण्याची पद्धत कोणाकडे राहील हेही नमूद करावे. किल्लीचा दर निरभ्र रात्रीचा न देता ढगाळ रात्री धरून वर्षभराचा मागावा. समोरचे केंद्र खरे की तोतया, हे फोटॉन सांगत नाहीत. ती ओळख आधी वाटलेल्या गुप्त किल्लीने पटवायची की डिजिटल स्वाक्षरीने, याचेही उत्तर पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. निविदेचा मसुदा अंतिम होण्यापूर्वी ही कलमे हरकतींसाठी जाहीर करावीत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नागरिक