वॉर्डात सॅनिटायझर आहे, साबण कुठाय?

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा लागला की आमच्या मिरज-सांगलीकडं काविळीची चर्चा चालू होते, आणि कुणाचे डोळे पिवळे झाले की पहिला प्रश्न ठरलेला, काल-परवा बाहेर काय खाल्लंस? लगेच कोपऱ्यावरचा भेळवाला आरोपी. अहो पण अशी कावीळ करणारा, घाण पाण्या-अन्नातून पसरणारा हिपॅटायटिस ए चा विषाणू पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी २८, म्हणजे जूनमधल्या काविळीसाठी मे महिन्यातल्या लग्नातलं पाणी आठवायला पाहिजे.

माझा खरा मुद्दा दवाखान्याचा आहे. डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांतच पेशंटच्या संडासातून हा विषाणू सगळ्यात जास्त बाहेर पडतो. म्हणजे ताप-उलट्या म्हणून जनरल वॉर्डात ॲडमिट केलेला माणूस, कावीळ कुणाच्या डोक्यातही नाही, आणि तो सगळ्यांचाच संडास वापरतोय. मध्यंतरी नात्यातल्या पेशंटजवळ राहायची वेळ आली (दवाखान्याचं नाव घेत नाही, सगळीकडं थोड्याफार फरकानं हेच), तिथं दारावर सॅनिटायझरची बाटली लटकवलेली पण संडासाच्या बेसिनला साबणाची वडी नाही, दुपारी तर नळालाही पाणी नाही. या विषाणूवर अल्कोहोलचं सॅनिटायझर साबण-पाण्याइतकं भरवशाचं नाही हो. आणि आपल्याकडं बेडपॅन कोण उचलतं? वॉर्डातले मामा-मावशी, म्हणजे वॉर्डबॉय-आया, कमी पडतात, मग नातेवाईकच उचलतो आणि त्याच हातानं भाकरी मोडून पेशंटला भरवतो. शेजारच्या बेडवर लिव्हर आधीच खराब असलेला किंवा सत्तरीचा माणूस असला तर त्याला ही कावीळ जिवावर बेतू शकते. लहान पोरांना बहुतेक वेळा लक्षणंच दिसत नाहीत, तीही वॉर्डात हुंदडत असतात.

आणि ते माळ घालून कावीळ उतरवणारे, त्यांचं काय सांगू. ही कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, क्रेडिट माळेला. माळ घाला बापडे, पण गावठी काढा पाजू नका, सुजलेल्या लिव्हरवर आणखी भार नको.

या काविळीची लस मिळते, पण सरकारी मोफत लसीकरणात नाही, विकत घ्यावी लागते. ते होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक वॉर्डातल्या बेसिनला साबण आणि नळाला २४ तास पाणी, एवढं तरी प्रशासनानं बघावं, आणि कावीळ निघालेल्या पेशंटला निदान पहिला आठवडा वेगळा संडास द्यावा.

– एक वाचक, मिरज