लोझानचा करार आणि १२ लाख माणसं

पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. बाबासाहेबांचं 'थॉट्स ऑन पाकिस्तान' वाचताना ग्रीस-तुर्कस्तानच्या उदाहरणापाशी तू अडलास आणि विचारलंस, 'तिथं लोकसंख्येची अदलाबदल जमली, मग आपल्याकडे १९४७ला एवढा रक्तपात का?' फोनवर उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून लिहायला बसलोय. रक्तपात तिथंही झाला रे. आधी रक्तपात झाला, करार मागून आला.

१८३० साली ग्रीस स्वतंत्र झाला तेव्हा देश अगदी लहान होता. बहुतेक ग्रीक माणसं सीमेबाहेर, ऑटोमन म्हणजे तुर्की सुलतानाच्या राज्यातच राहिली. या सगळ्यांना एका छत्राखाली आणायचं, हे स्वप्न पुढं जवळजवळ शंभर वर्षं तिथल्या राजकारणाला पुरलं. 'मेगाली इदेआ', म्हणजे 'महान कल्पना', म्हणायचे त्याला. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरला तेव्हा ग्रीसचे पंतप्रधान वेनिझेलोस यांना वाटलं, हीच वेळ. मे १९१९ मध्ये ग्रीक फौज स्मिर्ना बंदरात, म्हणजे आजच्या इझमीरला, उतरली आणि आत शिरत पार अंकाराच्या जवळ पोचली. १९२१ मध्ये साकार्या नदीपाशी ती अडली. ऑगस्ट १९२२ मध्ये तुर्की नेता मुस्तफा केमालच्या (पुढचा अतातुर्क) सैन्यानं तिची फळी मोडली. पळताना याच फौजेनं वाटेतली तुर्की गावं जाळली, हेही लिहायलाच हवं.

९ सप्टेंबरला तुर्की सैन्य स्मिर्नात आलं, १३ला आग लागली. ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या बेचिराख झाल्या. धक्क्यावर लाखो माणसं अडकली, पुढं समुद्र, मागं आग. आणि बंदरात ब्रिटिश, फ्रेंच, इटालियन, अमेरिकन युद्धनौका उभ्या होत्या! तटस्थ राहायचा हुकूम होता त्यांना. बरेच दिवस गेल्यावर ग्रीक जहाजं आली. त्यांत बायका, मुलं, म्हातारी माणसं चढवली. १८ ते ४५ वयाच्या पुरुषांना मागं ठेवून आत अनातोलियाकडे, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या मुलखात, चालवत नेलं, त्यातले पुष्कळजण परत आलेच नाहीत. निर्वासितांमध्ये विधवा आणि पोरकी मुलं इतकी का होती, ते यावरून कळतं.

मग ३० जानेवारी १९२३ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं अदलाबदलीचा करार झाला. साधारण १२ लाख ख्रिश्चन ग्रीसमध्ये, साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात. पण या १२ लाखांपैकी बहुतेक माणसं आधीच जीव मुठीत धरून पळून आलेली होती. कराराप्रमाणे रीतसर हलवली गेली ती दोनेक लाखच. बाकीच्यांना करारानं एवढंच सांगितलं की आता परत जायचं नाही.

मला सगळ्यात लागतं ते पुढचं. कोण कुठला, हे ठरलं फक्त धर्मावरून. अनातोलियातले कारामानली ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन घरात तुर्की बोलायचे, ते ग्रीसमध्ये आले. क्रीट बेटावरच्या मुसलमानांना ग्रीकशिवाय भाषा येत नव्हती, त्यांची रवानगी तुर्कस्तानात. त्यांना कुणी विचारलं नाही. अदलाबदलीतून सूट मिळाली ती मुख्यतः इस्तंबूलच्या ग्रीकांना आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसच्या मुसलमानांना.

आता कल्पना कर, जेमतेम ५० लाखांच्या गरीब देशात १२ लाख माणसं येऊन पडली. शाळा, चर्च, गोदामं भरली. अथेन्सच्या म्युनिसिपल थिएटरमध्ये एकेका बॉक्समध्ये एकेक कुटुंब राहत होतं. प्रेक्षकांनी रेलून बसायच्या कठड्यावर धुतलेले कपडे वाळत घातलेले. आणि स्थानिक लोक त्यांना 'तुर्काचं बी' म्हणायचे! ज्यांना ग्रीक म्हणून हाकललं, त्यांना ग्रीसमध्ये हे ऐकावं लागलं.

तरी ती माणसं उभी राहिली. राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) देखरेखीखाली कर्ज मिळालं, निर्वासितांना वसवायला आयोग बसला, उत्तर ग्रीसमधल्या मॅसेडोनियात जमिनी दिल्या. अथेन्सभोवती निआ स्मिर्नी, निआ इओनिया अशा वस्त्या झाल्या, सुटलेल्या गावांची नावं घेऊन. तुला फुटबॉलचं वेड आहे म्हणून सांगतो, अथेन्सचा एईके क्लब १९२४ साली कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे इस्तंबूलहून, आलेल्यांनीच काढला. त्याच्या नावात आजही ते शहर आहे आणि चिन्हात बायझंटाईन दुतोंडी गरुड.

बाबासाहेबांनी हे उदाहरण घेतलं तेव्हा लोझानला पुरती वीस वर्षंही झाली नव्हती, आणि कागदावर तो करार यशस्वीच दिसत होता. त्यांची कळकळ मला समजते. अल्पसंख्याकांना भीतीत ठेवणारी शांतता त्यांना नको होती. पण 'जमलं' या शब्दाशी मी सहमत होऊ शकत नाही. ज्यांना सूट मिळाली, त्या इस्तंबूलच्या ग्रीकांचंच बघ ना. सप्टेंबर १९५५ मध्ये एका रात्रीत त्यांची दुकानं, घरं, चर्च फोडली गेली, १९६४ मध्ये हजारोंना देशाबाहेर काढलं. आता तिथं काही हजारच उरलेत.

सायप्रसचं मुद्दाम लिहिलं नाही, १९७४ हा वेगळा आणि मोठा विषय आहे, पुढच्या पत्रात घेतो. तोवर तू बाबासाहेबांच्या पुस्तकातलं ते प्रकरण पुन्हा वाच आणि तुझं मत बदलतंय का ते कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत