जँगो प्रकल्पातील पाथविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

जँगो या पायथन भाषेतील वेबसाइट बनवण्याच्या चौकटीत केलेला तुझा प्रकल्प पाहिला. टेम्प्लेट, डेटाबेस आणि अपलोड झालेल्या फाइली या सर्वांचे पाथ, म्हणजे संगणकावरील त्यांच्या जागेचे पत्ते, तू सी ड्राइव्हपासून पूर्ण लिहिले आहेस. म्हणूनच तो तुझ्या संगणकावर चालतो आणि लिनक्सच्या सर्व्हरवर चढवताच अडतो. नुसते फाइलीचे नाव लिहिणे हाही उपाय नव्हे, कारण असा पाथ प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू झाला तिथून मोजला जातो. एसक्यूलाइट या एकाच फाइलीत राहणाऱ्या डेटाबेसच्या बाबतीत हे फारच फसवे आहे: डेटाबेसची फाइल तिथे नसेल तर ते मुकाट्याने नवी, रिकामी फाइल तयार करते आणि ‘असे टेबल नाही’ हा संदेश वाचून माणूस मायग्रेशनमध्ये, म्हणजे टेबले तयार करण्याच्या पायरीत, चूक शोधत बसतो.

तेव्हा प्रकल्पाने आपला ठावठिकाणा स्वतःच शोधावा, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सेटिंग्जच्या फाइलीत वरच असलेले ‘बेस डिर’ त्यासाठीच आहे. पायथनकडून त्या फाइलीचा स्वतःचा पाथ घ्यायचा, ‘रिझॉल्व्ह’ने तो पूर्ण करायचा आणि एकेक फोल्डर वर नेणारे ‘पेरेंट’ दोनदा लावून ‘मॅनेज डॉट पीवाय’ असलेल्या, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य, फोल्डरपर्यंत यायचे. जँगोच्या ऑगस्ट २०२० मधील ३.१ आवृत्तीपासून नव्या प्रकल्पात ही ओळ पाथलिबच्या (पायथनच्या पाथ हाताळणाऱ्या लायब्ररीच्या) रूपात तयारच मिळते. मात्र पुढे सेटिंग्जचे वेगळे फोल्डर करून त्यात अनेक फाइली ठेवल्यास, तर तिसरा ‘पेरेंट’ लावावा लागेल.

बेस डिरला पुढचे नाव जोडताना त्या नावाच्या आरंभी स्लॅश देऊ नकोस. तो दिलास तर पाथलिब आधीचा सारा पाथ टाकून देते आणि लिनक्सवर शोध थेट रूटपासून, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरपासून, सुरू होतो. नावातील लहान-मोठी इंग्रजी अक्षरेही तपास. विंडोज तो फरक सहसा मानत नाही, लिनक्स मानते.

‘मीडिया रूट’, म्हणजे अपलोड झालेल्या फाइलींचा फोल्डर, सर्व्हरवर कोडच्या फोल्डरबाहेर ठेवावा आणि त्याचा पाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर, त्या संगणकावर नोंदवलेल्या मूल्यातून) घ्यावा, असे माझे मत आहे. डेटाबेसमध्ये मीडिया रूटपुढचाच पाथ साठवला जात असल्याने फाइली हलवल्या तरी जुन्या नोंदी बदलाव्या लागत नाहीत. ‘स्टॅटिक यूआरएल’ हा मात्र सीएसएस, चित्रे अशा साइटच्या स्थिर फाइलींचा ब्राउझरसाठीचा पत्ता आहे, त्याला बेस डिर जोडू नये.

हे झाले की संपूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी कर, तिसऱ्याच फोल्डरमधून सर्व्हर सुरू करून एखादे पान उघडून बघ आणि काही अडले तर एररचा पूर्ण मजकूर मला पाठव.

तुझा मित्र