विष्ठेतला डीएनए आणि टक्केवारीचा घोळ

मा. संपादक,

सील, पेंग्विन काय खातात हे त्यांच्या विष्ठेतल्या डीएनएवरून शोधतात, त्याच्या बातम्यांत टक्केवारी ठळक छापली जाते. ती पोटात गेलेल्या अन्नाची टक्केवारी नसते. यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांपैकी किती तुकडे त्या माशाचे, एवढाच तिचा अर्थ. एखादा मासा लवकर पचतो, एखाद्याच्या पेशींत मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघराच्या) डीएनएच्या प्रती जास्त असतात, एखाद्याच्या डीएनएला प्रायमर (हवा तो तुकडा पकडणारा छोटा कृत्रिम डीएनए) नीट चिकटत नाही. मग आकडा फिरतो. 'किती नमुन्यांत हा मासा सापडला' हे सांगणे त्या मानाने सुरक्षित.

पद्धत मात्र मोलाची आहे. पूर्वी विष्ठेत उरलेले माशांच्या कानातले खडे आणि काटे मोजत. जेलीफिशचे तसे काहीच उरत नाही. ॲडेली पेंग्विन आणि अल्बट्रॉस जेलीफिश खातात याचा पुरावा डीएनएने दिला. पचनात डीएनए तुटतो, म्हणून १०० ते २५० बेसचाच (डीएनएच्या साखळीतल्या कड्यांचाच) तुकडा धरावा लागतो. शिकाऱ्याचा स्वतःचा डीएनए भक्ष्याला झाकून टाकतो. तो रोखणारा ब्लॉकिंग प्रायमर घातला तर भक्ष्यांच्या यादीतून शिकाऱ्याचे जवळचे नातलगही गळू शकतात. आणि पेंग्विनने खाल्लेल्या माशाच्या पोटातले क्रिलही (कोळंबीसारखा छोटा सागरी जीव) यादीत येते.

हे सोलापुरातून लिहितो, कारण उजनी धरणाच्या पाणकावळ्यांवर हेच काम एम.एस्सी.च्या प्रकल्पात होऊ शकते. आधी चिलापी, कटला, रोहू यांच्या मांसाचे खात्रीचे नमुने घेऊन संदर्भसंच करावा. त्यात नसलेला मासा ओळखूच येणार नाही. विष्ठा ताजी घ्यावी, मातीला टेकलेला भाग सोडावा. इथल्या उन्हात डीएनए लवकर नासतो. आपल्या प्राणिशास्त्र विभागांची फॉर्मेलिनची सवय इथे घातक आहे, त्याने डीएनए बिघडतो. नमुन्याच्या तीन-चार पट ९५ टक्के इथेनॉल घालावे आणि डीएनए काढण्याआधी ते पूर्ण उडू द्यावे, नाहीतर पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडतो. पक्ष्यांच्या विष्ठेतील घटकांमुळेही तो अडतो. तेव्हा डीएनए दहा पट विरळ करून पुन्हा चालवावा.

प्रत्येक खेपेला एक नळी नमुन्याविना चालवावी. तिच्यात मासा दिसला तर ती खेप बाद. पीसीआरनंतरच्या नळ्या पीसीआरआधीच्या कामाच्या टेबलावर उघडल्या की हे हमखास होते. आणि नळीवर शाईने लिहू नये, इथेनॉलने ती पुसते. पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतच टाकावी.

– प्राणिशास्त्राचे दोन अध्यापक, सोलापूर