कंपनीच्या जामीनदाराला वाट आहे, शिवणकाम करणाऱ्या ताईला का नाही?

मा. कंपनी व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सादर नमस्कार.

मी तालुका न्यायालयाबाहेर टेबल मांडून अर्ज टाईप करून देतो. गेल्या पावसाळ्यात शिवणकाम करणाऱ्या एक ताई दरखास्तीची, म्हणजे कोर्टामार्फत वसुलीच्या अर्जाची, नोटीस घेऊन आल्या. कर्जाच्या थकबाकीपोटी त्यांच्यावर १,८०,००० रुपयांचा हुकूमनामा, म्हणजे पैसे भरण्याचा कोर्टाचा आदेश, झाला होता. पिशवीतून कागद काढायच्या आधीच म्हणाल्या, “मशीन बहिणीकडे नेऊन ठेवलंय, भाऊ. कोर्टाच्या बेलीफनं उचललं तर खायचं काय?”

दोन महिने त्यांचं काम बंद होतं, आणि मशीन लपवायची गरजच नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मजुराची मजुरी जप्त होत नाही. पगारदाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुटतात. म्हणजे १६,००० पगार असेल तर ११,००० घरी येतात. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईमाणसाला अटकही करता येत नाही. कायदा १९०८ चा आहे, पण ताईंना हे पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी कळलं.

तोवर बरंच हातचं गेलं होतं. हुकूमनाम्यानंतर हप्ते बांधून मागायचे तर अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो, शिवाय समोरच्याची, म्हणजे कर्ज देणाऱ्याची, संमती लागते. ती मुदत उलटून गेली होती. वसुलीवाल्याच्या हातात त्यांनी १२,००० रुपये रोख दिले होते. ते कोर्टात नोंदवलेच नाहीत, आणि न नोंदवलेला भरणा दरखास्तीत धरला जात नाही. हे सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना. मी त्यांना विधी सेवा समितीत नेलं. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आता लोकअदालतीत तडजोड होते का, ते बघतो आहोत.

पण समोरचा नाहीच म्हणाला तर? इथून पुढचा प्रश्न आपल्या खात्याचा आहे.

कर्ज फेडता न येणाऱ्यांसाठीची नादारी व दिवाळखोरी संहिता संसदेनं २०१६ साली केली. तिच्या तिसऱ्या भागात साध्या माणसासाठीही वाट आहे: अर्ज दाखल झाला की वसुलीची कारवाई थांबते, ऐपतीप्रमाणे परतफेडीची योजना मांडता येते. हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांसाठी. ताईंना आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच दाखवावा लागतो. कारखानदाराला मिळालेली सवलत मला खुपत नाही. तीच कष्ट करून फेडू पाहणारीला नाकारली जाते, याचा मात्र संताप येतो.

तिसरा भाग सर्वांना लागू करा. त्यातल्या कर्जमाफीच्या प्रकरणातल्या मर्यादाही वाढवा. वर्षाचं उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नको, या अटींत आमच्या तालुक्यातलं कोण बसणार? महिन्याला ५,००० रुपयांत तर घरभाडं आणि रेशनही भागत नाही.

ताईंनी मशीन घरी परत आणलंय. पुढच्या तारखेला मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.

आपला,
कोर्टाबाहेरचा एक टंकलेखक