स्तोत्र ९१ आणि तुझी रात्रपाळी

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्रपाळीला निघताना बायबलमधलं ९१वं स्तोत्र म्हणते तरी छातीतली धडधड थांबत नाही, म्हणजे माझा विश्वास कमी पडतो का, असं तू विचारलंस. वॉर्डात मनापासून प्रार्थना करणारी माणसंही दगावतात, मग त्या स्तोत्रातल्या अभिवचनांचं काय करायचं, हाही तुझा प्रश्न. दोन्हींचं उत्तर मनापासून देते.

त्या स्तोत्रात १६ वचनं आहेत. बहुतेकांच्या तोंडी ११वं आणि १२वं असतं, देवदूत तुला हातांवर झेलून धरतील हे. मंदिराच्या शिखरावर येशूला उभं करून सैतानाने नेमकी हीच दोन वचनं पुढे केली होती. मत्तय आणि लूक या दोघांच्याही ४थ्या अध्यायात ते आहे. खाली उडी टाक, देव झेलील, असं तो म्हणाला. सर्प तुडवण्याचं त्यापुढचं १३वं वचन मात्र त्याने घेतलं नाही. येशूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नको, हे बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं ६:१६ हे वचन त्याने उत्तर म्हणून दिलं. म्हणजे खरं वचनसुद्धा चुकीच्या कामाला जुंपता येतं, आणि देवाला अडवून धरण्यासाठी ते म्हटलं की तेच होतं.

आता १४ ते १६ वाच. तिथे देव स्वतः बोलतो. संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन, असं १५व्या वचनात तो सांगतो. आपल्या माणसावर संकट येईल, हे त्याने तिथे धरूनच चाललं आहे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ सावकाश वाच. सुरुवातीलाच हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. मग पेत्राला धरतो आणि त्याच्यावर चार-चार शिपायांच्या चार टोळ्यांचा पहारा बसवतो. ख्रिस्ती मंडळी पेत्रासाठी एकाग्रतेने प्रार्थना करते, देवदूत येतो, बेड्या गळून पडतात. एकाच अध्यायात दोन प्रेषित. एक वाचला, एक गेला. याकोबाचा विश्वास उणा होता असं हे पुस्तक लिहिणारा लूक कुठेही लिहीत नाही. कुणी अपघातात गेलं की "प्रार्थनेत कमी पडला असेल" असं म्हणणाऱ्यांना हा अध्याय दाखव. दुखावलेल्या घरात जाऊन असं बोलणं हे पाप आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पेत्राची ती रात्र बघ. उद्या बाहेर काढतील, बहुधा मारतील, हे ठाऊक असताना दोन शिपायांच्या मधे, दोन साखळ्यांत तो गाढ झोपला होता. देवदूताला कुशीत मारून त्याला उठवावं लागलं. सुटका व्हायच्या आधीच तो निश्चिंत होता. तुला हवी आहे ती सुरक्षितता ही.

पंडिता रमाबाईंकडेही बघ. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेले, पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा, आणि १९२१ मध्ये मुलगी मनोरमा. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. तरी केडगावच्या मुक्ती मिशनचं काम आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचा ध्यास त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. रोमकरांस पत्र ८:३५ मध्ये प्रेषित पौल सात गोष्टी मोजतो: क्लेश, आपत्ती, छळणूक, उपासमार, नग्नता, संकट, तलवार. यातलं काही येणारच नाही असं तो म्हणत नाही. यातलं काहीही ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळं करू शकत नाही, असं म्हणतो.

म्हणून खबरदारी सोडायची का? मुळीच नाही. कृत्ये २३ मध्ये प्रभू रात्री पौलाजवळ उभा राहून सांगतो की तुला रोममध्येही माझी साक्ष द्यायची आहे. दुसऱ्याच दिवशी चाळीसपेक्षा जास्त जण त्याला मारायचा कट करतात. भाच्याकडून हे कळताच पौल "देव बघेल" म्हणून गप्प बसत नाही. भाच्याला थेट सरदाराकडे पाठवतो. त्या रात्री दोनशे शिपाई, सत्तर स्वार आणि दोनशे भालेकरी यांच्या पहाऱ्यात त्याला बाहेर काढलं जातं. देवाने राखलं ते असं. तेव्हा हॉस्टेलला येताना सोबत घे, गाडीचा नंबर मैत्रिणीला पाठव, सुई टोचली तर लगेच नोंद करून औषध सुरू कर, कुणी त्रास देत असेल तर मेट्रनकडे लेखी तक्रार दे.

आता रोजचं. झोपण्याआधी दहा-बारा मिनिटं पुरतात, रात्रपाळीत सकाळी झोपलीस तरी चालेल. आधी भीती एका वाक्यात, मोठ्याने, नेमकी सांग. "प्रभू, मला भीती वाटते" हे फार मोघम होतं. "तीन नंबरच्या बेडवरच्या बाईंना ड्रिप लावताना माझ्याकडून चूक होईल" असं सांग. मग आजच्या तीन गोष्टींसाठी आभार मान; फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये विनंतीबरोबर आभारही सांगितले आहेत, आणि घाईत आपण तेच गाळतो. काही चुकलं असेल तर १ योहान १:९ धरून कबूल कर, आणि एकदा कबूल केलेलं पुन्हा उकरू नकोस. त्यानंतर स्तोत्र ४, आठच वचनं आहेत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठाच्या रात्रीच्या प्रार्थनेसाठी ४, ९१ आणि १३४ ही स्तोत्रं रोजची ठरवली; जुन्या कॅथलिक पुस्तकांत शेवटची दोन ९० आणि १३३ या क्रमांकांनी सापडतील. शेवटी स्तोत्र ३१:५, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो. येशूने वधस्तंभावर हेच म्हटलं. ड्युटीला निघताना स्तोत्र १२१ घे, तेही आठ वचनांचं आहे.

धडधड सुरूच राहिली तर तेच वचन पन्नासदा म्हणू नकोस. मोजून म्हटलं की आकड्याची काळजी लागते, एकदा राहिलं तर नवी भीती बसते, आणि वचनाचा तावीज होतो. बायबल कुठेही उघडून बोट ठेवून कौलही लावू नकोस. "संरक्षणाचं तेल" किंवा मंतरलेला रुमाल पैसे घेऊन देणाऱ्यापासून लांब राहा. याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात वडीलवर्ग आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करतो. तिथे कुठेही किंमत लिहिलेली नाही.

झोप दोन आठवडे नीट लागली नाही, हात कापायला लागले, जेवण जाईना, तर डॉक्टरांना दाखव. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, दोनदा खायला-प्यायला दिलं. बोलणं त्यानंतर झालं (१ राजे १९).

इफिसकरांस ६ मधल्या देवाच्या शस्त्रसामग्रीतली ढाल, शिरस्त्राण, तलवार तू एकटीच पेलायला बघतेस. ते पत्र मंडळीला लिहिलेलं आहे. तिथल्या मंडळीत एक वडीलधारी बाई गाठ, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं फोनवर तिच्याबरोबर प्रार्थना कर, आणि रविवारची ड्युटी आली तर संध्याकाळची उपासना कुठे असते ते आताच विचारून ठेव. पाळकसाहेबांना मी फोन केला आहे. त्यांच्या पत्नी तुला येत्या शनिवारी भेटतील.

तुझी,
आई