मनू, मागच्या ब्रेकची ती पट्टी बघितलीस का?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, तुम्हाला नुसता आनंद होतच नाही का?" असं म्हणून काल तू फोन ठेवलास. होतो गं. झाला. आप्पाआजोबांच्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन सुरू झाल्याचं तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मी रात्री पुन्हा पुन्हा ऐकलं, आईला ऐकवलं, आत्याला पाठवलं. आत्याचं उत्तर आलेलं नाही. ते का, हे पुढे लिहितो. पण 'रविवारी एक चक्कर मारून येते' असं तू म्हणालीस आणि माझ्या तोंडून 'ब्रेक?' एवढंच निघालं. जे म्हणायचं होतं ते त्या एका शब्दात मावणारं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

आधी इंजिनाबद्दल. रेस आपोआप चढते आणि थ्रॉटल सोडला तरी खाली येत नाही, असं तू गेल्या महिन्यात सांगितलंस तेव्हा मला वाटलं, आता तू कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसणार. बहुतेक लोक तेच करतात. तू मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग, काढलास आणि त्यामागचं क्रँकचं ऑइल सील बघितलंस. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो तो बंद कप्पा, हाच पंप असतो, खाली येणारा पिस्टन तिथलं मिश्रण दाबून वर पाठवतो. त्यामुळे सील कडक होऊन चिरलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल आणि ऑइल दोन्हींचं प्रमाण कमी पडतं आणि पिस्टन तापून जाम होऊ शकतो. हे तुला मी शिकवलं नव्हतं. तू स्वतः विचार करून तिथवर पोचलीस. आणि त्या केसिंगचे स्क्रू! जपानी गाड्यांचे ते स्क्रू दिसतात फिलिप्ससारखे, पण त्यांची खाच जेआयएसची, म्हणजे जपानी मानकाची, असते. साधा ड्रायव्हर लावला की निसटतो आणि डोकं खाऊन टाकतो. तू योग्य ड्रायव्हर मिळेपर्यंत कामाला हात लावला नाहीस. तुझ्या फोटोत मी एकेक स्क्रू मोठा करून पाहिला, एकाचंही डोकं गेलेलं नाही. आप्पा असते तर त्यांनी तो फोटो गावभर दाखवला असता.

म्हणूनच सांगतो, तेवढाच धीर ब्रेकसाठी धर. टू-स्ट्रोकला रेस सोडल्यावर इंजिनाचा अटकाव जवळजवळ मिळत नाही. फोर-स्ट्रोक गाडी गिअरमध्ये असली की मागे ओढल्यासारखी हळू होते, ही तशी होत नाही. ही वाहत राहते. म्हणजे थांबवायला ब्रेकचे दोन छोटे ड्रमच उरतात, आणि ते कधीपासून कुणी उघडलेले नाहीत.

चाक काढलंस की आधी तोंडाला मास्क लाव. शूवर ड्रमला घासणारा जो थर असतो, त्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ती धूळ हवेच्या झोताने उडवू नकोस, ओल्या फडक्याने पुसून घे आणि ते फडकं पिशवीत बांधून टाक. मग शू हातात घेऊन लायनरच्या कडेला नख लावून बघ. लायनर बहुतेक शूला चिकटवलेलं असतं. शूवर भरपूर जाडी शिल्लक दिसते म्हणून माणूस निश्चिंत होतो, पण इतक्या वर्षांत तो चिकटा सुटलेला असू शकतो. जोरात ब्रेक दाबला की लायनर उखडून ड्रम आणि शूच्या मध्ये अडकतं आणि चाक एकदम जाम होतं. म्हणून लायनर कितीही जाड दिसलं तरी शू नवेच घाल. ड्रमच्या आत बऱ्याचदा कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्याशी माप ताडून बघ. शू फाकवणारा कॅम मोकळा फिरतो ना बघ, त्याला ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर येईल एवढंच, आणि लायनरला त्याचा डागही नको. चाक परत बसवताना ॲक्सलचा नट आधी हातानेच ठेव, ब्रेक जोरात दाबून धर आणि दाबलेला असतानाच नट आवळ, म्हणजे शू ड्रमच्या मधोमध बसतात. ब्रेक पूर्ण लागला तेव्हा कॅमची दांडी आणि पायाच्या ब्रेककडून येणारा रॉड यांचा काटकोनाच्या आसपास कोन व्हायला हवा. त्याच्या पुढे गेला तर पाय कितीही दाबलास तरी जोर वाया जातो.

बघ, सूचनांचं पुस्तकच लिहायला लागलो. तू हे सगळं वाचलेलं असणार, कदाचित माझ्यापेक्षा नीट. रागावू नकोस.

काल रात्री झोप लागत नव्हती तेव्हा आप्पांची ती गोष्ट आठवत होती. तू लहान असताना ते तुला टाकीवर बसवून सांगायचे, तुला आठवत नसेल. महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीत डीकेडब्ल्यूने आरटी १२५ नावाची छोटी टू-स्ट्रोक काढली. युद्ध हरल्यावर तिचा आराखडा नुकसानभरपाईत जेत्यांच्या हाती गेला, आणि तिच्यावरून इंग्लंडात बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने १२५ सीसीची गाडी काढली, सोव्हिएत रशियात एम-१ए झाली. पुढे १९५५ मध्ये यामाहाची पहिली मोटरसायकल, वायए-१, तीही त्याच घाटाची. आप्पा म्हणायचे, आपल्या गाडीचं घराणं मोठं आहे, तिला कुणी बारकी म्हणायचं नाही. पोर्टमधला कार्बन खरवडताना ते याच थाटात बोलायचे, आणि मी खाली बसून त्यांना पाना द्यायचो. बारा-तेराचा की दहा-अकराचा, हे ते हात पुढे करायच्या पद्धतीवरून मला कळायचं. त्यांची ती पान्यांची पिशवी तुझ्याकडे आहे याचं मला किती बरं वाटतं, हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

आता आत्याबद्दल.

आप्पांचा डावा कोपर तू पहिल्यापासून वाकडाच पाहिलास. तो कशामुळे, हे घरात कुणी बोलत नाही, कारण आजीला ते चालायचं नाही. मी टाकीवर होतो, आत्या मागे. घाटाचा उतार होता. आदल्या दिवशी पंक्चरसाठी मागचं चाक काढून बसवलं गेलं होतं, आणि शू ज्यावर बसवलेले असतात त्या ब्रेकप्लेटला धरून ठेवणारी जी लांब पट्टी असते तिच्या बोल्टची स्प्लिट पिन परत घातली गेली नव्हती. नट सैल होत होत पडला. उतारावर आप्पांनी पायाचा ब्रेक दाबला आणि प्लेटला धरायला काहीच नसल्यामुळे ती चाकाबरोबर फिरली, रॉड वेटाळून वाकला, चाक अडकलं. पुढच्या ब्रेकला तेवढं वजन पेललं नाही. आप्पांनी गाडी मुद्दाम डोंगराच्या बाजूला आडवी घातली. मला काही झालं नाही. आत्याच्या हनुवटीवरचा व्रण तू पाहिलेला आहेस. ती त्यानंतर कुठल्याही गाडीवर मागे बसलेली नाही, आणि इंजिनाचा तो आवाज ऐकून ती काय उत्तर देणार?

ही तीच गाडी आहे, मनू. ती पट्टी तीच आहे. गाडी मोडीत काढा असं आजी किती वेळा म्हणाली, आप्पांनी तेवढं एक ऐकलं नाही.

तुला घाबरवायला हे लिहिलेलं नाही. किंवा थोडं त्यासाठीही असेल. तू ही गाडी मागितलीस तेव्हा मी लगेच हो म्हणालो, आणि आजही विचारलंस तर हो म्हणेन. उभ्या उभ्या गंजण्यापेक्षा ती तुझ्या हातात असलेली बरी. फक्त त्या पट्टीची दोन्ही टोकं बघ: बोल्टचे आटे, भोकं लांबट झालीत का, आणि स्प्लिट पिन नवी, दोन्ही पाय वाकवलेली. जुनी पिन सरळ करून परत घालू नकोस. फोटो पाठव. पाठवला नाहीस तरी चालेल, पण बघ.

टायरचंही सांगून टाकतो. नक्षी शाबूत असली तरी रबर दगड झालेलं असतं, ते पकड घेत नाही, मग ब्रेक कितीही चांगला असून उपयोग नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असली तर पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा, त्याचा विचारच नको. चेनच्या लॉकचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला.

टाकीच्या रंगाचं तू विचारलं होतंस. मूळ रंग ठेव असं मी म्हणणार होतो, पण ते तू ठरव. गाडी तुझी आहे. आतला गंज काढल्यावर टाकी लगेच कोरडी कर, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस थर धरतो.

रविवारची चक्कर तू मारणारच, हे मला ठाऊक आहे. सपाट मोकळ्या जागी, आधी चालण्याच्या वेगाने, दहा-बारा वेळा थांबवून बघ. नवे शू ड्रमला लागायला थोडा वेळ घेतात. उतारावर इतक्यात नेऊ नकोस. निघण्याआधी नाही तरी परत आल्यावर एक फोन कर, रात्र झाली असली तरी. आई जागी असेल. मीही.

तुझा,
बाबा

ता. क. पिस्टन काढला होतास तेव्हा गजन पिनच्या, म्हणजे पिस्टन दांड्याला जोडणाऱ्या पिनच्या, क्लिपा नव्याच घातल्यास ना? जुनी परत घातली असेल तर ती सुटून बोअर खरवडते. नव्या घातल्या असतील तर हे सोडून दे.